सिमेंटखाली निघाला पॅकिंगचा थर्माकोल: गच्चीच्या इन्सुलेशनमधली फसवणूक

नाशिकच्या इंदिरानगरमधलं १९८६ सालचं घर. तळमजला, वर एक मजला, ९०० चौरस फुटांची गच्ची आणि तिच्यावर जुना ब्रिकबॅट कोबा. मार्चमध्ये या गच्चीवर इन्सुलेशन करून घेतलं. एप्रिल-मे छान गेला. रात्री अकरापर्यंत भट्टीसारख्या राहणाऱ्या वरच्या खोल्या बऱ्याच निवल्या, आणि घरच्यांनी कॉन्ट्रॅक्टरला आपणहून दोन शेजाऱ्यांची नावंही सुचवली. जुलैत छताला ओल धरली. पाऊस उघडून आठ दिवस झाले तरी ठिबक थांबेना. शेवटी गच्ची तीन ठिकाणी फोडून पाहिली. करारात लिहिलेल्या ५० मिमी एक्सपीएस (सलग पोताचा, घट्ट पॉलिस्टायरिन फोम) बोर्डाच्या जागी २५ मिमीचा, पॅकिंगसाठी वापरतात तसला थर्माकोल निघाला.

करार १६५ रुपये चौरस फुटाने, म्हणजे १,४८,५०० रुपयांचा होता. ६० टक्के ॲडव्हान्स आधीच दिलेला. अंतिम बिल मात्र १,०२० चौरस फुटांचं आलं, कारण कठड्यावर चढवलेला एक फूट उभा पट्टा, १२० फूट घेराचा, इन्सुलेशनच्याच दराने लावला होता. त्या पट्ट्यावर बोर्ड बसवतच नाहीत, तिथे फक्त वॉटरप्रूफिंग वर वळवतात.

अदलाबदल केली कशी, ते नीट समजून घ्या, कारण पद्धत साधी आहे आणि कुठेही चालते. नमुना म्हणून दिवाणखान्यात दाखवलेला तुकडा अस्सल होता. पहिल्या दिवशी आलेले दहा-बारा बोर्डही अस्सल होते आणि ते जिन्याच्या दाराजवळ अंथरले गेले. घरातली माणसं दारातूनच डोकावतात, हे कॉन्ट्रॅक्टरला माहीत असतं. मग ‘केमिकल ओलं आहे, दोन दिवस गच्चीवर पाय ठेवू नका’ अशी सूचना आली. उरलेला माल संध्याकाळी चढला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यावर सिमेंटचा थर पडलाही. बोर्ड अंथरल्यावर निदान एक दिवस तरी गच्ची उघडी ठेवा आणि फोटो काढू द्या, ही अट करारात असती तर हा खेळ तिथेच थांबला असता.

पहिला उन्हाळा चांगला का गेला, हाच यातला सर्वात फसवा भाग आहे. उष्णतेला होणारा अडथळा, म्हणजे आर व्हॅल्यू, थराच्या जाडीला त्याच्या उष्णतावाहकतेने भागून निघतो. कोबा आणि गिलाव्यासह साध्या स्लॅबचा एकूण अडथळा, पृष्ठभागावरच्या हवेचा हिशेब धरून, सुमारे ०.४ भरतो. ५० मिमी एक्सपीएस, वाहकता ०.०३० धरली तर, त्यात १.६७ ची भर घालतं. २५ मिमी थर्माकोल ०.०३८ ने ०.६६ ची. म्हणजे छतातून येणारी उष्णता अस्सल मालाने साधारण ८० टक्के घटते आणि नकली कामानेही, थर कोरडा आहे तोवर, ६० टक्के घटते. पहिल्या इंचाचा फरक अंगाला लगेच जाणवतो, दुसऱ्या इंचाचा तेवढा जाणवत नाही. त्यामुळे फसलेला माणूस मे महिन्यात खूश असतो आणि त्याच्या शब्दावर आणखी दोन घरं फसतात.

पावसाळ्यात हिशेब फिरतो. हलक्या थर्माकोलची दाब सोसण्याची ताकद एक्सपीएसच्या पाव हिश्श्याच्या आसपासच असते. वर माणूस चालला, टाकीचा पाय टेकला की तो दबतो आणि वरचा सिमेंटचा थर वाकतो. या घरात तो थरही ५० ऐवजी २५ मिमीचा होता, आत जाळी नव्हती, सांधे सोडलेले नव्हते. अर्थातच त्याला भेगा पडल्या. भेगांतून उतरलेलं पाणी बोर्डांमधल्या फटींत साठलं आणि त्याला खुऱ्याकडे, म्हणजे गच्चीवरचं पाणी बाहेर काढणाऱ्या तोंडाकडे, जायला वाट उरली नाही. ते तिथेच बसून स्लॅबमधली कमकुवत जागा शोधत राहिलं. पाऊस थांबल्यावरही ठिबकत होतं ते यामुळे. शिवाय पाण्याची उष्णतावाहकता कोरड्या थर्माकोलच्या सुमारे १५ पट असते, म्हणून भिजलेला थर पुढच्या उन्हाळ्यातही काम देत नाही.

बोर्ड ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कोपरा हाताने मोडा. थर्माकोल मोडला की साबुदाण्यासारखे मणी सुटे होतात. एक्सपीएसचा काप सलग आणि बारीक जाळीचा असतो, मणी दिसत नाहीत. रंगावर जाऊ नका. निळा, गुलाबी, हिरवा हा नुसता रंग आहे आणि तो थर्माकोललाही देता येतो. खरी कसोटी वजनाची. १.२५ मीटर बाय ०.६ मीटरचा, ५० मिमी जाड, घनमीटरला ३४ किलो घनतेचा बोर्ड सव्वा किलोच्या थोडा वर भरला पाहिजे. त्याच मापाचा १५ घनतेचा थर्माकोल ५६० ग्रॅमच्या आसपास भरतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो, फक्त बोर्ड उभा धरून तोला. नगही मोजा. ९०० चौरस फूट म्हणजे ८३.६ चौरस मीटर, आणि या मापाचे ११२ बोर्ड तर लागतातच, कापाकापीत जाणारे वेगळे. माल उतरताना मोजणी करून चलनावर सही घ्या, आणि ढिगाच्या वरून नाही तर मधून तीन बोर्ड काढून तोला.

थरांचा क्रमही तपासावा लागतो. आधी उतार दिलेला कोबा, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग ४८ तास पाणी साठवून चाचणी. ती पार पडल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यानंतर एक्सपीएस, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड आणि शेवटी जाळी घातलेला ५० मिमी सिमेंटचा थर, साधारण दहा-दहा फुटांवर सांधे सोडून ते सीलंटने भरलेले. वॉटरप्रूफिंगच्या वर थर्माकोल कधीच चालत नाही, कारण त्याच्या मण्यांमध्ये पाणी शिरतं.

आता वजनाचं. ५० मिमीचा सिमेंटचा थर चौरस मीटरला सुमारे ११० किलो भरतो. या गच्चीवर तो ९ टनांहून जास्त झाला असता, आणि जुना कोबा आधीच खाली होता. चाळीस वर्षांच्या स्लॅबवर एवढा भार टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरने तो पाहायला हवा. सळया गंजून खालचं प्लास्टर फुगलेलं असेल तर जुना कोबा काढावा लागतो, नाहीतर हलका मार्ग घ्यावा लागतो: खालून फॉल्स सीलिंग आणि त्यावर ४८ किलो घनतेचं ५० मिमी रॉकवूल, म्हणजे दगडापासून काढलेल्या तंतूंची लोकर. अर्थात आधी गळती बंद करून, कारण भिजलेलं रॉकवूल निरुपयोगी. दर सांगणारा माणूस वजनाबद्दल एक शब्दही बोलत नसेल, तर त्याला काम कळत नाही किंवा त्याला सांगायचं नाही.

रंगाच्या डब्यातलं इन्सुलेशन हा दुसरा सापळा. ‘नासाचं तंत्रज्ञान’, ‘सिरॅमिक मणी’, ‘दोन हातांत ५० मिमी फोमएवढा परिणाम’ असं सांगून महागडा डबा विकतात. २० लिटर रंग ९०० चौरस फुटांवर पसरला की वाळल्यावर साधारण ०.१२ मिमीचा पापुद्रा उरतो. त्याची वाहकता उदारपणे ०.०५ धरली तरी अडथळा ५० मिमी एक्सपीएसच्या सुमारे ७०० पट कमी. पांढऱ्या रंगाचा उपयोग खरा आहे, पण तो ऊन परतवण्याचा. त्यासाठी साध्या, चांगल्या पांढऱ्या कूल-रूफ रंगाचा दर द्यावा आणि धूळ बसली की दर मार्चमध्ये गच्ची धुवावी.

चंदेरी बबल-शीटचं तसंच. चकचकीत पृष्ठभाग काम करतो तो समोर हवेची पोकळी असेल तेव्हाच. तीच शीट कोब्याखाली दाबली की तिथे पोकळी उरत नाही, पैसे मात्र जातात. आणि दाखवताना पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर त्या शीटवर रोखून ‘बघा, किती थंड’ म्हणतात, तेव्हा ते यंत्र शीटचं तापमान मोजतच नसतं. चकचकीत पृष्ठभाग समोरच्या आकाशाचं किंवा भिंतीचं तापमान परावर्तित करतो. शीटवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, दहा मिनिटांनी टेपवर मोजा, खरा आकडा दिसेल. ‘आठ-दहा डिग्री कमी’ या वाक्यावर एकच प्रश्न विचारा: कुठे मोजलं आणि किती वाजता? स्लॅब उष्णता कित्येक तास उशिरा खाली सोडतो. दुपारी एकचा गच्चीवरचा आकडा तुमच्या झोपेबद्दल काही सांगत नाही, संध्याकाळी सात-आठला खोलीच्या आतून छताचा आकडा घ्या.

आकड्यांत एककाचाही घोळ असतो. अमेरिकन पत्रकातला ‘आर-१०’ हा आपल्या मेट्रिक मापात फक्त १.७६ आहे, कारण मधला गुणक ५.६७८ चा. दोन दरपत्रकं शेजारी ठेवताना दोन्ही मेट्रिकमध्ये लिहून मागा. देशाच्या निवासी इमारतींच्या ऊर्जा संहितेत, २०१८ च्या इको निवास संहितेत, छताची यू व्हॅल्यू (एकूण आर व्हॅल्यूच्या उलट, म्हणजे जितकी कमी तितकी चांगली) जास्तीत जास्त १.२ दिली आहे. दरपत्रकात तुमच्या छताची यू व्हॅल्यू किती होणार, ते हिशेबासकट लिहून घ्यावं.

निफाडकडे पारा घसरून द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटू लागल्या की ‘बर्फातल्या घरांचं तंत्र’ विकणारे येतात, आणि त्यांचा डोळा जुन्या नाशकातल्या वाड्यांवर असतो. बर्फाळ डोंगराळ भागात खोलीतली ऊब आत ठेवायची असते. तिथे आतली दमट हवा बाहेर जाताना थंड थरात पाणी धरते, म्हणून बाष्परोधक प्लास्टिक खोलीच्या बाजूला लावतात, आणि तिथे ते बरोबरच आहे. भद्रकाली-पंचवटीतल्या कौलारू वाड्याला तेच प्लास्टिक आतून मारलं, तर पावसाळ्यात कौलांतून झिरपलेलं पाणी वाशांवर अडकून राहतं. कौलांखाली थेट मारलेला पीयू (पॉलियुरेथेन) फोम त्याहून वाईट. गळती झाकली जाते, लाकूड आतल्या आत कुजतं, वाळवी दिसत नाही, आणि पुढे एक कौल बदलायचं म्हटलं तरी फोम फोडावा लागतो. वाड्याला कौलं चाळून, वाशांखाली हवेची पोकळी सोडून लावलेली परावर्तक शीट आणि त्याखाली रॉकवूल असलेलं, काढता येईल असं छत पुरतं. लाकडी माळ्याला उघडा थर्माकोल लावू देऊच नका. तो पटकन पेटतो, आणि सराफ बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत आग एका घरात थांबत नाही.

कागदांत इंदिरानगरच्या घराकडे ‘दहा वर्षांची हमी’ होती, पण कॉन्ट्रॅक्टरच्या लेटरहेडवर. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचं त्यात काही नव्हतं. चाचणी अहवालावरचा बॅच क्रमांक बोर्डांवरच्या छाप्याशी जुळतो का, हे कुणी पाहिलं नव्हतं. अर्धी रक्कम रोखीने, बिलाशिवाय गेली होती. ॲडव्हान्स २० टक्क्यांच्या वर नेऊ नका. पुढचा हप्ता माल मोजून-तोलून झाल्यावर, त्यापुढचा पाणी साठवण्याच्या चाचणीनंतर, आणि १० टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवा.

फसलात असं दिसलं तर घाईने दुरुस्ती करू नका, पुरावा जातो. इंजिनिअरसमोर तीन ठिकाणी फूटभर चौकोन कापा. टेप लावून प्रत्येक थराची जाडी दिसेल असे फोटो घ्या. तुकडे तारीख घालून पिशवीत सील करा, लेखी अहवाल घ्या आणि मगच नोंदणीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि कामासाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तोवर कापलेल्या चौकोनांत पाणी जाऊ नये म्हणून ताडपत्री बांधा, पण ती कठड्याच्या बाहेरून घेऊन दोरीने ताणून बांधा. खिळे ठोकले की वॉटरप्रूफिंगला नवी भोकं पडतात आणि समोरचा माणूस गळतीचं खापर त्यांच्यावर फोडतो.