मिंटवर सिनॅमन की एक्सएफसीई? मराठी टायपिंग करणाऱ्यांच्या नजरेतून

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर असलेल्यांना विंडोज ११ चा अधिकृत रस्ता बंदच होता. त्यातले बरेच जण विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळतात आणि डाउनलोडच्या पानावरच अडतात: तिथे डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, निवडायचा असतो. सिनॅमन, एक्सएफसीई की माटे? माटेला इथे बाजूला ठेवतो, कारण गोंधळ बहुतेकांचा पहिल्या दोघांतच होतो. खालचे तपशील मिंट २२.२ चे आहेत, म्हणजे सिनॅमन ६.४ आणि एक्सएफसीई ४.१८.

एक गैरसमज आधी दूर करू. दोन्हींच्या खाली उबुंटू २४.०४ ही एकच लिनक्स सिस्टिम आहे. कर्नल (सिस्टिमचा गाभा), ड्रायव्हर मॅनेजर, अपडेट मॅनेजर, सिस्टिमची जुनी स्थिती जपून ठेवणारं टाइमशिफ्ट सगळं तेच, सपोर्टही दोन्हींना २०२९ पर्यंत. त्यामुळे सिनॅमनवर वायफाय किंवा प्रिंटर चालत नसेल, तर एक्सएफसीई टाकून तो चालू होणार नाही. निवड फक्त वरच्या थराची आहे: पॅनेल, विंडो, सेटिंग्ज आणि कीबोर्ड.

वेगाबद्दल थोडक्यात. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर रोजच्या कामात फरक शोधावा लागतो. ४ जीबीवर मात्र तो जाणवतो. फायरफॉक्सचे पाच-सहा टॅब आणि लिबरऑफिस रायटरमध्ये एक मोठी फाइल उघडी असली की सिनॅमन आधी धापा टाकायला लागतं. मोजमाप केलेलं नाही, हाताला लागलेला अंदाज आहे. मशीनमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. डेस्कटॉप बदलून मिळणाऱ्या वेगापेक्षा त्याने कितीतरी जास्त मिळतं. सिनॅमनच ठेवायचं असेल तर सिस्टिम सेटिंग्जमधल्या 'जनरल'मध्ये सिनॅमनच्या मेमरीला मर्यादा घालायची सोय आहे. मर्यादा ओलांडली की सिनॅमन स्वतःला रीस्टार्ट करतं आणि उघड्या विंडो तशाच राहतात. ही सोय मुळात बंद असते. मशीन दिवसेंदिवस शटडाउन न करता झाकण लावून ठेवणाऱ्यांनी ती चालू करावी.

दिसण्याच्या बाबतीत सिनॅमन पुढे आहे, यात वाद नको. विंडोज ७ किंवा १० वरून आलेल्या माणसाला मेन्यू, टास्कबार, कोपऱ्यातलं घड्याळ हे सगळं जागच्या जागी सापडतं. पॅनेलवर राइट-क्लिक करून एडिट मोड चालू केला की ॲपलेट (पॅनेलवरची छोटी साधनं) ओढून हवे तिथे ठेवता येतात. स्क्रीन फुल एचडी असूनही लहान असेल तर 'डिस्प्ले'मध्ये १२५ किंवा १५० टक्के स्केल मिळतो. एक्सएफसीईच्या डिस्प्लेमध्येही स्केलचा पर्याय आहे, पण दीडपटीला अक्षरं धूसर होतात. तिथे 'अपिअरन्स'मधल्या 'फॉन्ट्स' टॅबमध्ये कस्टम डीपीआय ९६ वरून १२० करावा. अक्षरं, मेन्यू आणि बटणं त्या मापाने वाढतात आणि कडा स्वच्छ राहतात. पॅनेलची उंची मात्र हाताने वाढवावी लागते.

एक्सएफसीईबद्दलची सगळ्यांची तक्रार विंडोच्या कडेची. विंडो लहान-मोठी करायला कड पकडावी तर ती केसाएवढी, आणि माउस तिच्यावरून सटकतो. उपाय तीन आहेत. ऑल्ट+एफ८ दाबलं की माउस हलवून आकार बदलता येतो. ऑल्ट धरून राइट-क्लिकने ओढलं तर विंडोवर कुठूनही चालतं. ऑल्टऐवजी दुसरी की हवी असेल तर 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मधल्या 'ॲक्सेसिबिलिटी' टॅबमध्ये ती बदलता येते. तिसरा उपाय म्हणजे 'विंडो मॅनेजर'च्या 'स्टाइल'मध्ये 'डिफॉल्ट-एचडीपीआय'सारखी जाड कडेची थीम निवडणं. ती दिसायला यथातथाच आहे, हे मान्य. सिनॅमनमध्ये हा प्रश्नच येत नाही.

व्हिडिओ पाहताना किंवा पान सरकवताना चित्र आडवं फाटल्यासारखं दिसणं, हाही जुन्या इंटेल ग्राफिक्सवरचा एक्सएफसीईचा आजार. 'सेटिंग्ज एडिटर'मध्ये एक्सएफडब्ल्यूएम४ (एक्सएफसीईचा विंडो मॅनेजर) निवडा, त्यातली व्हीब्लँक मोड ही नोंद शोधा आणि 'ऑटो'च्या जागी 'जीएलएक्स' लिहून पुन्हा लॉगिन करा. फरक पडला नाही तर 'एक्सप्रेझेंट' लिहून पाहा.

आता बिघाडाचं बघू, कारण दोघांचा खरा स्वभाव तिथेच कळतो.

सिनॅमनमध्ये पॅनेल, मेन्यू, विंडोंची हालचाल आणि सगळे ॲपलेट एकाच प्रक्रियेत चालतात. त्यामुळे बाहेरून उतरवलेला एखादा ॲपलेट बिनसला की सगळंच थिजतं. कधी 'सिनॅमन क्रॅश झालं, तुम्ही फॉलबॅक मोडमध्ये आहात' अशी पाटी येते. अशा वेळी कंट्रोल+ऑल्ट+एस्केप दाबा. सिनॅमन तेवढंच रीस्टार्ट होतं, फाइल उघड्या राहतात. हाताने करायचं तर पॅनेलवर राइट-क्लिक करून 'ट्रबलशूट'मध्ये जा. तिथे रीस्टार्टही आहे आणि सगळी सेटिंग्ज मूळ पदावर आणायचा पर्यायही. ती पाटी पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी बाहेरून आणलेले ॲपलेट आणि एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा. तरीही येत असेल तर लॉगिनच्या पडद्यावर 'सिनॅमन सॉफ्टवेअर रेंडरिंग' निवडून आत या. तिथे नीट चाललं तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा आहे.

एक्सएफसीईमध्ये पॅनेल वेगळं, विंडो सांभाळणारा वेगळा, डेस्कटॉप वेगळा. एक पडला तरी बाकीचे चालत राहतात. पॅनेल नाहीसं झालं तर ऑल्ट+एफ२ दाबून पॅनेलच्या प्रोग्रॅमचं नाव टाकलं की परत येतं. मात्र एक खोच आहे. लॉगआउटच्या चौकटीत 'पुढच्या वेळेसाठी सेशन जतन करा' ही खूण असते. पॅनेल पडलेलं असताना ती खूण ठेवून लॉगआउट केलंत, तर 'पॅनेल नसलेलं' सेशनच जतन होतं आणि पुढच्या प्रत्येक लॉगिनला पॅनेल गायब असतं. लोक इथे सिस्टिम नव्याने टाकायला निघतात. गरज नाही. 'सेशन अँड स्टार्टअप'मध्ये जाऊन जतन केलेली सेशन पुसून टाका, पॅनेल सुरू करा, आणि ती खूण कायमची काढून ठेवा.

वर सांगितलेल्या कंट्रोल+ऑल्ट+एस्केपची सवय घेऊन एक्सएफसीईवर येऊ नका. तिथे मूळ मांडणीत तीच जोडी एक्सकिल चालवते. माउसचं चिन्ह बदलतं आणि ज्या विंडोवर क्लिक कराल तो प्रोग्रॅम तिथल्या तिथे ठार होतो, न जतन केलेल्या मजकुरासकट. चुकून दाबलं गेलं तर राइट-क्लिक करून सुटका करून घ्या. सिनॅमनचीही एक गंमत आहे. विंडोजच्या सवयीने स्क्रीन लॉक करायला विंडोज-की आणि एल दाबलं तर डेव्हलपरसाठीची एक काळी खिडकी उघडते. लॉकसाठी कंट्रोल+ऑल्ट+एल लक्षात ठेवा.

सेटिंग्जचा बॅकअप घेताना टाइमशिफ्टवर विसंबू नका. ते मुळात होम फोल्डर वगळतं, आणि पॅनेल, थीम, शॉर्टकट यांची सेटिंग्ज तर होममध्येच असतात. एक्सएफसीईची जवळजवळ सगळी सेटिंग्ज होममधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात 'एक्सएफसीई४' नावाने असतात, ती उचलून ठेवता येतात. परत टाकताना मात्र लॉगआउट करून दुसऱ्या खात्यातून टाका. लॉगिन असताना बदललेल्या फाइलवर चालू सिस्टिम आपली जुनी प्रत पुन्हा लिहून टाकते आणि 'काहीच झालं नाही' असं वाटतं. सिनॅमनची सेटिंग्ज डीकॉन्फ या सिस्टिमच्या सेटिंग्ज-साठ्यात आणि ॲपलेटची वेगळी, अशी दोन ठिकाणी विखुरलेली असतात.

इथपर्यंत तराजू जवळपास समतोल आहे. किंबहुना नवख्या माणसाला मी आजही सिनॅमनच दाखवेन. पण दिवसभर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्हींत काम करणाऱ्याला एक गोष्ट रोज टोचते.

लेआउट, म्हणजे कोणत्या कीला कोणतं अक्षर ही मांडणी, बसवणं दोन्हीकडे सोपं आहे. 'कीबोर्ड'मधल्या 'लेआउट' टॅबमध्ये जाऊन भारताखालचा मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण लेआउट) निवडायचा. एक्सएफसीईमध्ये त्याआधी 'सिस्टिमची मूळ सेटिंग्ज वापरा' ही खूण काढावी लागते, नाहीतर जोडायचं बटणच दबत नाही. यादीत इंग्रजी पहिली ठेवा. मराठी पहिली ठेवली तर काही प्रोग्रॅममध्ये कंट्रोल+सी, कंट्रोल+व्ही चालत नाहीत. दऱ्याखोऱ्यांतल्या ऱ्यासाठी शिफ्ट+जे, मग डी, मग स्लॅश. शिफ्ट राहिला तर दऱ्याचा दर्या होतो.

टोचणी आहे ती एका लेआउटवरून दुसऱ्यावर जाण्याची. सिनॅमन दोन पर्याय देतं: सगळ्या विंडोंना एकच लेआउट, किंवा प्रत्येक विंडोला वेगळा. एकच ठेवला तर रायटरमध्ये मराठी पत्र लिहिता लिहिता फायरफॉक्समध्ये जीमेल उघडायला जावं आणि पत्त्याच्या पट्टीत 'ुसोगत' उमटावं. इनस्क्रिप्टवर जीमेलची इंग्रजी अक्षरं अशीच दिसतात. दिवसातून तीस-चाळीस वेळा हे झालं की चीड येते. बरं, प्रत्येक विंडोला वेगळा ठेवला तर रायटरची प्रत्येक नवी फाइल इंग्रजीत उघडते. नव्या विंडोने आधीच्या विंडोचा लेआउट घ्यावा असं सांगता येतं, पण ती आधीची विंडो ब्राउझरची असली की गाडं तिथेच येतं.

एक्सएफसीईच्या पॅनेलमध्ये 'कीबोर्ड लेआउट्स' हा प्लगइन जोडा. यादीत नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एक्सकेबी प्लगइन शोधून बसवा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मॅनेज लेआउट' हा तीन पर्यायांचा रकाना आहे: सगळीकडे एक, प्रत्येक विंडोला वेगळा, आणि प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा. तिसरा निवडा. रायटर एकदा मराठीवर नेला की त्याच्या पुढच्या फाइलही मराठीतच उघडतात. फायरफॉक्स आणि टर्मिनल इंग्रजीवर राहतात. टर्मिनलमध्ये सुडो (ॲडमिनचे अधिकार मागणारी कमांड) वापरताना पासवर्ड देवनागरीत जाऊन 'पुन्हा प्रयत्न करा' हे ऐकावं लागत नाही. हा एक रकाना सिनॅमनमध्ये नाही, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

याला दोन अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवेत. एक म्हणजे ब्राउझरमध्येच मराठी लिहिणाऱ्यांना याचा उपयोग अर्धाच. फायरफॉक्सच्या सगळ्या विंडोंना मिळून एकच लेआउट मिळतो, त्यामुळे पत्त्याची पट्टी आणि मजकुराची चौकट यांत हातानेच बदल करावा लागतो. दुसरा अपवाद जास्त महत्त्वाचा आहे. हा प्लगइन फक्त सिस्टिमच्या लेआउटवर चालतो. तुम्ही आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅममधून एम१७एन हा लेखनपद्धतींचा संच बसवून गमभनसारख्या उच्चारी पद्धतीने लिहीत असाल तर बदलीचा कारभार आयबसकडे असतो. त्याच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'सगळ्या प्रोग्रॅमना एकच पद्धत' ही खूण असते, ती दोन्ही डेस्कटॉपवर सारखीच काम करते. म्हणजे उच्चारी लिहिणाऱ्याला या एका कारणासाठी एक्सएफसीई घेण्याची गरज नाही. त्याने वेग आणि दिसणं पाहून ठरवावं, आणि मग सिनॅमन घेतलं तर मी हरकत घेणार नाही.

सिनॅमनच्या बाजूने कीबोर्डबद्दलही एक गोष्ट आहे. लेआउटच्या 'ऑप्शन्स'मध्ये दुसरा लेआउट चालू असताना कीबोर्डवरचा दिवा लावायची सोय मिळते. कॅप्स लॉकनेच भाषा बदलायची आणि त्याच दिव्याने ती ओळखायची, अशी जोडी छान जमते. एक्सएफसीईच्या खिडकीत बदलाची की निवडता येते, दिव्याचा पर्याय तिथे नाही. पॅनेलवरचं चिन्ह पाहावं लागतं.

करून पाहायचं तर सिनॅमनवरच एक्सएफसीई चढवू नका. तसं करता येतं, पण मेन्यूत दोन फाइल मॅनेजर, दोन टर्मिनल, दोन-दोन सेटिंग्ज जमतात आणि लॉक स्क्रीन कुणाची हा वाद सुरू होतो. दोन पेन ड्राइव्हवर दोन्ही लाइव्ह (पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) टाका आणि मशीनवर काही न बसवता प्रत्येकावर अर्धा तास नेहमीचं काम करा. लाइव्हमध्येही मराठी लेआउट जोडता येतो. रायटरमध्ये एक पत्र सुरू करा, मध्येच ब्राउझरमध्ये जाऊन एक पत्ता टाका, परत येऊन नवी फाइल उघडा आणि पहिलं अक्षर कोणत्या लिपीत उमटतं ते बघा.