भिंतीसमोर की रेंजवर? एअर पिस्तूलचा सराव कुठे वाढवायचा

दहा मीटर एअर पिस्तूलचा स्कोअर 600 पैकी 530-540 वर अडकला की पहिला विचार येतो तो रेंजचे दिवस वाढवण्याचा. पुण्यात बालेवाडीच्या रेंजपासून लांब राहणाऱ्याचे त्यात जाण्यायेण्याचेच दोन तास जातात. छर्ऱ्यांचे डबे संपतात ते वेगळंच. दुसरा मार्ग जवळजवळ फुकटचा आहे, म्हणूनच बहुधा तो कुणी मनावर घेत नाही. घरी कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं आणि छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा, म्हणजे ड्राय फायर.

माझा कौल भिंतीकडे आहे. कारण साधं गणित. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर साधारण 33 सेंटिमीटर धरा. हात थरथरला आणि साइट जुळलेल्या असताना अख्खं पिस्तूल पाच मिलिमीटर बाजूला सरकलं, तर छर्राही तेवढाच सरकतो, दहा (मधल्या वर्तुळाचे पूर्ण गुण) मिळतोच. पण पुढची साइट मागच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर कलली, तर दहा मीटरवर छर्रा 30 मिलिमीटर बाजूला जातो. थेट सात! हात थरथरण्याची भीती सगळ्यांना असते, मारतो मात्र साइट कलवणारा ट्रिगरचा झटका. उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे खाली-डावीकडे जमू लागले की बहुतेक वेळा तेच असतं.

रेंजवर हा झटका दिसत नाही. शॉट सुटला की डोळे स्कोअरच्या स्क्रीनवर पळतात. आठ का आला, याचं उत्तर छर्ऱ्याच्या भोकात नसतं, ते ट्रिगर सुटला त्या क्षणी साइट कुठे होती यात असतं. भिंतीवर बघायला दुसरं काहीच नसल्यामुळे तो क्षण डोळ्यात राहतो. दर वेळी 20 मिनिटं, 30-40 शॉट, बस्स. थकल्यावर केलेला ड्राय फायर चुकाच पक्क्या करतो.

पण भिंत खोटंही शिकवते. एकदा महिनाभर मी फक्त घरीच सराव केला. 'टक' झालं की हात खाली, अशी सवय कधी लागली ते कळलंही नाही. नंतर रेंजवर छर्रे खाली जाऊ लागले आणि मी आठवडाभर साइटचे क्लिक फिरवत बसलो! फॉलो थ्रू, म्हणजे शॉट सुटल्यावरही क्षणभर हात आणि साइट धरून ठेवणं, नसल्याचं भिंत सांगत नाही. साइट झिरो करणं (नेम धरला तिथेच छर्रा लागेल अशी जुळवणं), 75 मिनिटांत 60 शॉट पुरे करणं, शेजारच्या लेनवर सलग दहा पडत असताना स्वतःच्या साइटवर नजर ठेवणं, हे रेंजवरच होतं. म्हणून आठवड्यात घरी चार दिवस, रेंजवर दोन. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली की प्रमाण उलटं.

25 मीटरवाल्यांनी थोडा वेगळा विचार करावा. ज्या प्रकारात राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं, त्यात 60 पैकी 30 शॉट रॅपिडचे असतात. हात 45 अंशांवर खाली, मग तीन सेकंदांत वर आणून एक शॉट. हात उचलण्याची ही लय घरीच बसते, त्याला गोळीची गरजच नाही. मात्र .22 च्या पिस्तुलात रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन आपटून चेंबरची कड खराब होऊ शकते. कंपनीचं मॅन्युअल वाचा, नाहीतर स्नॅप कॅप (डमी काडतूस) वापरा. चांगल्या मॅच एअर पिस्तुलांत ड्राय फायरची सोय दिलेलीच असते.

स्कॅटसारखं नळीला लावायचं यंत्र साइटचा सगळा प्रवास रेघेने दाखवतं. उत्तम आहे, पण महाग. पहिल्या दोन वर्षांत ते पैसे प्रशिक्षकाच्या फीवर घाला.

आणि घरी सराव करताना छर्रे दुसऱ्या खोलीत. चेंबर स्वतः दोनदा बघा, भिंतीपलीकडे कोण झोपलंय तेही.