जुनं घर, शिशाचा रंग: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगते, लेड इन्स्पेक्शन (म्हणजे घराच्या जुन्या रंगात शिसं आहे का याची तपासणी) करून घेतल्याचा पश्चात्ताप नाहीये, पण फोनवर नीट विचारलं असतं तर दोनदा पैसे गेले नसते.

आमचं घर 1920 च्या आसपासचं. अमेरिकेत घरासाठीच्या रंगात शिसं घालायला 1978 साली बंदी आली, त्यामुळे त्याआधीचं घर घेताना एक माहितीपत्रक हातात देतात, फॉर्मवर सही घेतात आणि तपासणीसाठी 10 दिवस देतात. आमच्या फॉर्मवर विकणाऱ्याने 'माहिती नाही' वर टिक केलेली, आणि मी समजले की म्हणजे नसेलच. त्याला स्वतः टेस्ट करायची सक्ती नाही, माहीत असेल तेवढंच सांगायचं, हे मागाहून कळलं. मग कोण कशाला टेस्ट करून स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेईल! त्यात घर हातचं जाईल म्हणून आम्ही शहाण्यांनी ते 10 दिवस पण सोडून दिले.

मुलगी रांगायला लागली तेव्हा नवऱ्याने स्वॅबचं किट आणलं, रंगावर घासून बघायच्या काड्यांचं. शिसं असलं की लाल होतं. एकही लाल झाला नाही, आम्ही खूश. पण स्वॅबला जिथे घासाल तेवढाच थर कळतो, आणि आमच्याकडे वर नवा लॅटेक्स रंग आणि शिसं चार थर खाली. कटरने तिरका काप देऊन लाकडापर्यंत सगळे थर उघडे करायचे आणि मग घासायचं, असं आतल्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं, पण वाचतो कोण. किटला माझ्याकडून दोन स्टार, ते पण लाकडासाठी, प्लॅस्टरवर त्याच्यावर विसंबू नका.

मग लायसन्सवाला माणूस बोलावला. त्याच्याकडे एक्सआरएफ गन, म्हणजे रंगातलं शिसं मोजणारं यंत्र, दिसायला हेअर ड्रायरसारखी, भिंतीला टेकवायची, काही सेकंद थांबायचं, आकडा येतो. खरवडायची गरज नाही, सगळ्या थरांतलं मिळून सांगते. चौरस सेंटीमीटरला 1 मिलिग्रॅम किंवा जास्त आलं की पॉझिटिव्ह. मुलीच्या खोलीतल्या खिडकीच्या चौकटीवर 9.4 आलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. चाळीस पानी रिपोर्ट आला, निम्म्या ओळी पॉझिटिव्ह, दारं, जिना, भिंतीखालची पट्टी, सगळंच. दोन रात्री झोप नाही.

आणि गंमत म्हणजे त्या चाळीस पानांत आता करायचं काय ते कुठेच नाही! कारण इन्स्पेक्शन म्हणजे शिसं कुठे कुठे आहे एवढंच. त्यातलं धोक्याचं काय, ते सांगणारी वेगळी तपासणी असते, रिस्क असेसमेंट, तिच्यात धूळ, माती, पोपडे बघतात. मी फोनवर 'लेड इन्स्पेक्शन' म्हणाले, त्यांनी तेच दिलं, चूक कोणाची म्हणू.

दुसऱ्या बाईंनी असेसमेंट केलं, यांना पाच स्टार. जमिनीवर टेपने बरोबर एक चौरस फूट आखला, ओल्या वाइपने आडवं-उभं पुसलं, वाइप ट्यूबमध्ये टाकून लॅबला. खिडकीची खालची खोबण मी कधी नीट बघितलीच नव्हती. करडी धूळ, मेलेल्या माश्या आणि भाकरीच्या पापुद्र्यासारखे रंगाचे तुकडे. खिडकी वरखाली केली की लाकडावर लाकूड घासतं आणि त्याचीच ही पूड. 2024 च्या नव्या नियमातली मर्यादा चौरस फुटाला जमिनीवर 5 मायक्रोग्रॅम, खिडकीच्या कट्ट्यावर 40, खोबणीत 100. आमचे आकडे 12, 210 आणि खोबणीत तीन हजारांच्या वर. आणि ज्या दारांनी माझी झोप उडवली त्यांचा रंग घट्ट, कुठे घासत नाही, त्यांना हात लावू नका म्हणाल्या.

त्यांनी काजळ, सिंदूर, जुनी पितळी भांडी याबद्दलही विचारलं, त्यांतही शिसं असू शकतं म्हणून. आईने नातीसाठी आणलेली काजळाची डबी त्याच दिवशी गेली. आई दोन दिवस बोलली नाही.

मुलीच्या बोटातून रक्त घेतलं तेव्हा शिसं 6 आलं (डेसिलिटरला मायक्रोग्रॅम), पण बोटाला धूळ असली तर आकडा फुगतो म्हणून शिरेतून परत घेतलं, 4.3. सीडीसीचा (अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था) 2021 पासूनचा संदर्भ आकडा 3.5 आहे, म्हणजे वरच. डॉक्टर म्हणाले औषध नको, धूळ बंद करा.

पहिला पेंटर सँडर घेऊनच आला, 'दोन तासांत साफ करतो' म्हणाला. कोरडं घासणं म्हणजे घरभर शिशाची पूड, त्याला दारातूनच परत पाठवलं. मग सर्टिफाइड कॉन्ट्रॅक्टरकडून चार खिडक्या बदलल्या, प्लॅस्टिक लावून, हेपा व्हॅक्यूमने (अगदी बारीक धूळही अडकवणारा), आणि काम झाल्यावर परत वाइप टेस्ट. महाग पडलं. बाहेर भिंतीलगतच्या मातीत जुन्या रंगाचे कण होते, तिथे मल्च (माती झाकणारं आच्छादन) टाकून झाडं लावली, मुलगी तिकडे फिरकत नाही.

शेवटची रक्ततपासणी 2.6. उरलेल्या तीन खिडक्या सध्या स्क्रू मारून बंद. दर शनिवारी दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची, कापड एकदा वापरून टाकून द्यायचं. झाडू बंद म्हणजे बंद, त्यावरून आईशी अजून वाद चालू आहे.