नको असलेले शब्द गाळायला ग्रेप, ऑक की पायथन?

एका फाइलमध्ये मजकूर, दुसरीत नको असलेल्या शब्दांची यादी. यादीतला शब्द ज्या ओळीत येतो ती ओळ काढून टाकायची. काम एवढंच. ते ग्रेप किंवा ऑक या टर्मिनलवरच्या आज्ञांनी करता येतं, नाहीतर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत. पण 'शब्द येतो' म्हणजे नक्की काय, हे ठरवल्याशिवाय साधन निवडू नका.

यादीत 'मत' आहे असं धरा. 'किंमत' आणि 'गंमत' असलेल्या ओळीही जाव्यात का? नकोत. मग 'मताला', 'मतांचा'? त्या बहुधा जायला हव्यात. तिन्ही साधनं इथेच वेगळी पडतात.

ग्रेप सर्वांत झटपट. काय करायचं ते आज्ञेपुढे अक्षरं लावून सांगायचं: छोटा व्ही (-v) म्हणजे जुळणाऱ्या ओळी सोडून बाकीच्या दाखव, छोटा एफ म्हणजे नमुने या फाइलमधून घे आणि मोठा एफ म्हणजे नमुन्यांना साधा मजकूर समज. हा मोठा एफ बरेच जण विसरतात, मग यादीतलं टिंब 'कोणतंही अक्षर' असं वाचलं जातं. मोठ्या फाइलवरही ग्रेप दमत नाही. मात्र तो तुकडा शोधतो: 'मताला' नीट गळतो, पण सोबत 'किंमत'ही जाते. डब्ल्यू लावला तर पूर्ण शब्द पाहतो. देवनागरीत त्याचं वागणं लोकेलवर, म्हणजे संगणकाच्या भाषेच्या सेटिंगवर, अवलंबून असतं, म्हणून आधी चार ओळींवर करून बघा. आणि यादीत एक जरी रिकामी ओळ राहिली तरी ती प्रत्येक ओळीशी जुळते आणि हाती कोरी फाइल येते. याच्या उलट दुखणं विंडोजवर बनवलेल्या यादीचं: शब्दांच्या शेपटाला कॅरेज रिटर्न हे ओळ संपल्याचं न दिसणारं चिन्ह चिकटलेलं असतं आणि काहीच गळत नाही.

मजकूर रकान्यांचा असेल तर ग्रेपशी झटापट करू नका, ऑक घ्या. यादी आधी ॲरेत, म्हणजे ऑकच्या स्मरणातल्या कप्प्यांत, भरायची, मग 'दुसरा रकाना यादीत नसेल तरच छाप' एवढंच सांगायचं. तुलना काटेकोर, ओळींचा क्रम जसाच्या तसा. खोट एकच: पहिली फाइल ओळखायची नेहमीची युक्ती, एनआर (आतापर्यंतच्या एकूण ओळी) आणि एफएनआर (चालू फाइलमधल्या ओळी) सारखे आहेत का हे पाहण्याची, यादी रिकामी असली की फसते. मग मजकुरालाच यादी समजून ऑक गप्प बसतो.

आणि दोन फाइलींची ओळीला ओळ तुलना करणारी कॉम (comm) ही आज्ञा? तिला दोन्ही फाइली सॉर्ट केलेल्या हव्यात आणि पूर्ण ओळच जुळायला हवी. शब्द गाळण्याच्या कामाची नाही.

मराठी मजकुरासाठी मी शेवटी पायथनकडेच वळतो, पण तिथेही एक खड्डा आहे. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधायच्या सोयीत, मात्रा आणि अनुस्वार शब्दाचा भाग धरले जात नाहीत. त्यामुळे 'मत'च्या दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण लावली तरी 'किंमत' जुळते, कारण अनुस्वारानंतर नवा शब्द सुरू झाला असं त्याला वाटतं! म्हणून ती खूण सोडा. ओळ मोकळ्या जागांवर तोडा, कडेची विरामचिन्हं झटका आणि तुकडे यादीच्या सेटमध्ये (पायथनचा शब्दसंच) शोधा. 'मताला' हवा असेल तर तुकड्याची सुरुवात यादीतल्या शब्दाने होते का ते बघा. तेव्हा 'मतलब'ही जाईल, म्हणून अपवादांची छोटी यादी जवळ ठेवा. शिवाय 'दुसऱ्या'मधला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अखंड आणि एक र-खाली-नुक्ता (टिंब). डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत मात्र वेगळे ठरतात. पायथनमध्ये दोन्ही बाजू एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणल्या की प्रश्न मिटतो. ग्रेपला ही सोय नाही.

तर लॉग फाइल किंवा इंग्रजी यादी असेल तर ग्रेप, तक्ता असेल तर ऑक, मराठी गद्य असेल तर पायथनच्या दहा-बारा ओळी. काहीही घेतलंत तरी निकाल मूळ फाइलवरच वळवू नका. आज्ञा चालायच्या आधीच शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, ती फाइल रिकामी करतं.