आयसीटी लॅब, टिंकरिंग लॅब की स्मार्ट क्लास: शाळेनं आधी काय मागावं?

गेल्या महिन्यात दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीला गेले होते. रिकामी खोली एकच आणि तिच्यावर तिघांचा डोळा. मुख्याध्यापकांना अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः यंत्रं-उपकरणं जोडून बघायची प्रयोगशाळा हवी, पालकांना ‘कॉम्प्युटर’, म्हणजे आयसीटी लॅब हवी आणि एका सदस्याला भिंतीवर मोठा स्क्रीन, म्हणजे स्मार्ट क्लास. मी चौदा वर्षं शाळांमधून संगणक शिकवते, म्हणून मला मत विचारलं. तिथे घाईत जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहिते. तुमच्याही समितीत हाच विषय असेल, तर उपयोगी पडेल.

आधी पैशांचं. समग्र शिक्षा योजनेतून सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या सरकारी आणि अनुदानित शाळांना आयसीटी लॅब मिळते. मूळ योजना २००४ची, २०१८ मध्ये ती समग्र शिक्षेत आली. उभारणीसाठी एकदाच ६.४० लाख रुपयांपर्यंत आणि पुढे पाच वर्षं दरसाल २.४० लाखांपर्यंत. टिंकरिंग लॅबचं अनुदान नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनकडून येतं. तिथे एकूण २० लाख, त्यातले १० उभारणीला आणि १० पाच वर्षांच्या खर्चाला. हे आकडे शेजारी मांडले की कुणीही वीस लाखांकडेच झुकणार. मुख्याध्यापकांचंही तेच झालं होतं.

पण महिन्याचा हिशेब करून बघा. आयसीटीचे २.४० लाख म्हणजे महिन्याला वीस हजार. त्यातच शिकवणाऱ्याचं मानधन, वीजबिल, इंटरनेट, किरकोळ खर्च. टिंकरिंगचे वर्षाला दोन लाख म्हणजे महिन्याला साडेसोळा हजारांच्या आसपास, आणि लॅब सांभाळायची शाळेतल्याच कुणीतरी. बहुतेक वेळा ते काम विज्ञानाच्या सरांच्या गळ्यात पडतं, त्यांचे तास तसेच ठेवून. जागेचाही प्रश्न आहे. टिंकरिंग लॅबला दीड हजार चौरस फूट लागतात, म्हणजे आपल्याकडच्या जवळपास तीन वर्गखोल्या. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शहरातल्या शाळांनी ती कुठून आणायची?

मुलं काय शिकतात, यात मात्र दोन्हींची खरी तुलना आहे. टिंकरिंग लॅबमध्ये आर्डुइनो (कोड लिहून चालवायचं छोटं सर्किट बोर्ड), सेन्सर, सोल्डरिंग, थ्रीडी प्रिंटर. सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्या घरातला मुलगा मातीच्या ओलाव्याचा सेन्सर लावून ठिबकचा पंप आपोआप बंद करून दाखवतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं तेज बघण्यासारखं असतं. मी ते पाहिलं आहे. पण त्याच मुलाला ‘माती आणखी थोडी कोरडी झाल्यावरच पंप सुरू व्हावा, असं कर बरं’ म्हटलं की हात थांबतो, कारण कोड यूट्यूबवरून उतरवलेला. कोडमधली अट म्हणजे काय, लूप (तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवणं) म्हणजे काय, हे आधी कीबोर्डवर बसून पक्कं झालेलं नसतं. ते आयसीटी लॅबमध्ये होतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावीपासून कोडिंग सांगितलं आहे, आणि बारावीला आयटी विषय घेतला की परीक्षा संगणकावरच द्यावी लागते.

या दोन्ही लॅब नसताना घडलेली एक गोष्ट सांगते. सातवीच्या वर्गात संगणकाची शून्य आणि एकची भाषा समजावत होते, कुणाच्या पचनी पडेना. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘मॅडम, हे आमच्या पप्पांच्या मागावरच्या पुठ्ठ्यासारखं आहे का? भोक असलं की दोरा उचलतो, नसलं की नाही.’ वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डच्या मागावर. दुसऱ्या दिवशी तिनं तो भोकांचा पुठ्ठा आणला आणि उरलेला तास तिनंच घेतला. पुठ्ठा टेबलावर पडून राहिला असता, तर त्याचं काहीच झालं नसतं. तो हातात घेऊन बोलणारं माणूस वर्गात होतं.

म्हणून माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न पाचव्या वर्षानंतरचा आहे. एका शाळेत करार संपला, शिकवणाऱ्या ताई घरी गेल्या आणि लॅबला कुलूप लागलं. दीड वर्षानं मी ते उघडलं तेव्हा यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या. केरळनं २००१ मध्ये आयटी@स्कूल सुरू करताना हे आधीच ओळखलं. बाहेरून माणूस आणण्यापेक्षा शाळेतल्याच शिक्षकांना तयार केलं, पुढे मोफत सॉफ्टवेअर वापरलं, आणि २०१८ पासून लिटल काइट्स या विद्यार्थ्यांच्या आयटी क्लबमधून मुलंही लॅब सांभाळायला शिकतात. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळवलं. तिथेही सुरुवात शिक्षकापासूनच झाली.

स्मार्ट क्लासबद्दल थोडक्यात. गणित-भूगोल दाखवायला तो छान, पण त्यात मुलं बघतात, करत नाहीत. तो संगणक शिक्षणाच्या खात्यात धरू नका. केंद्राच्या पीएमश्री या आदर्श शाळांच्या योजनेत निवड झालेल्या शाळांना यातलं बरंच एकत्र मिळतं, पण एका तालुक्यातून जास्तीत जास्त दोनच शाळा. त्या भरवशावर थांबू नये.

माझं मत स्पष्ट आहे: आधी आयसीटी लॅब. फक्त शाळेत इलेक्ट्रॉनिक्सची खरी आवड असलेला, बदली तोंडावर नसलेला शिक्षक आणि मोकळी जागा असेल, तरच टिंकरिंग पहिली. सरकारी शाळांनी त्यासाठी जीव टांगणीला लावायचं कारण नाही. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० टिंकरिंग लॅब जाहीर झाल्या आहेत, संधी पुन्हा येईल. टिंकरिंगसाठी आजवर शाळा स्वतः ऑनलाइन अर्ज करत आल्या. आयसीटी मात्र राज्याच्या वार्षिक आराखड्यातून येते, त्यामुळे यूडायस प्लसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतली माहिती खरी भरा. बंद पडलेले जुने संगणक ‘चालू’ दाखवलेत, तर तुमची गरज कागदावर दिसणारच नाही.

त्या बैठकीत शेवटी आयसीटीच्या मागणीचा ठराव झाला. खोलीचं वायरिंग आणि अर्थिंग उन्हाळ्याच्या सुट्टीत करून घ्यायचं ठरलं. शिवाय विज्ञानाच्या सरांनी आणि मराठीच्या बाईंनी, दोघांनी, लॅब चालवायला शिकायचं. बाईंनी स्वतःहून हात वर केला होता. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या माझ्याकडे येणार आहेत.