एका चावीची वॅगनआर: दसरा ते दसरा

फेब्रुवारीत माझ्या जुन्या घेतलेल्या वॅगनआरची चावी शेततळ्यात पडली, त्याच दिवशी हे लिहायचं ठरवलं होतं. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह बघायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातून चावी सुळकन पाण्यात. तळं बारा फूट खोल, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. गाडी बांधावर लिंबाखाली उभी, आत द्राक्षांचे क्रेट, आणि तासगावात व्यापारी घड्याळ बघत बसलेला. मेहुण्यानं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून दीड तास गळ टाकला. चावीच्या पात्याला चुंबक धरत नाही हे तेव्हा कळलं. हाताला लागली ती कडीमुळं. चावीच्या डोक्यात चिप असते, ती भिजली म्हणजे आता गाडी काय चालू होत नाही, असं मी धरूनच चाललो होतो. पण त्या चिपला सेल नसतो, म्हणून पाण्याचं तिला काही वाटत नाही. धोतराला पुसली, लावली, पहिल्या सेल्फला गाडी चालू.

हा सगळा खेळ का? तर गाडीला चावी एकच होती. आणि विकणाऱ्यानं दुसरी चावी 'आठ दिवसांत' देतो म्हणून सांगितल्याला तेव्हा चार महिने झाले होते.

आधी गाडीची ओळख. २०१४ ची वॅगनआर व्हीएक्सआय, के-टेन इंजिन, पेट्रोल, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. २०२४ च्या दसऱ्याला घेतली, दोन लाख चाळीस हजारांना. अडीच लाखांच्या वर एक रुपया जायचा नाही हे घरात ठरलेलं होतं, आणि त्या अडीचमध्ये नावावर करण्याचा खर्चही बसवायचा होता. आईचे गुडघे गेलेत, महिन्यातून दोनदा मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं. बुटकी गाडी तिला चालत नाही. वाकून बसणं होत नाही, आणि बसली तर उठणं होत नाही. वॅगनआरमध्ये ती खुर्चीत बसावं तशी बसते. गाडीचं मुख्य कौतुक हेच, बाकी सगळं दुय्यम.

बघितल्या अकरा. आमच्या भागात जुनी गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच: पुरातली तर नाही ना? ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापुरात पाणी शिरलं, जुलै २०२१ ला परत, आणि त्याच वेळी चिपळूणही बुडालं. त्या गाड्या कुठं गेल्या? धुऊनपुसून बाजारातच आल्या. त्यामुळं मी प्रत्येक गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचो. वरचा पट्टा कुणीही धुतो. आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि गाळाची रेघ तिथं सापडते. मग सीटखालच्या पट्ट्यांचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, कार्पेटखालचा वास. अकरांतल्या तीन गाड्या निव्वळ बेल्टवर नाकारल्या. एकीच्या दाराची काच बाकीच्या काचांपेक्षा तीन वर्षांनी नवी निघाली (काचेच्या कोपऱ्यात सालाची खूण असते), तिलाही नमस्कार. एजंट मला 'बेल्टवाले साहेब' म्हणायला लागला. मला त्याचा अभिमानही वाटायचा, लपवत नाही.

या गाडीचे बेल्ट स्वच्छ. टायर बरे. ऑइलचं झाकण उघडून बघितलं, आत पांढरा चिकटा नाही. सकाळी गार इंजिनवर चालू करून बघितली, धूर नाही. फर्स्ट ओनर, कोल्हापूरचे निवृत्त शिक्षक. मीटर ५८,२०० किलोमीटर. दहा वर्षांत ५८ हजार म्हणजे मास्तरांनी गाडी भाजी आणायलाच वापरली असणार. या आकड्यावरच मी दोन चाळीसला तयार झालो, नाहीतर दोन वीसच्या वर गेलो नसतो.

चावीचा विषय टोकन देतानाच निघाला होता. विकणारा म्हणाला, "दुसरी मूळ मालकाकडं राहिलीय साहेब, आठ दिवसांत हातात देतो."

कागदपत्रांचं थोडक्यात. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आरटीओचं काम एजंटकडून, दीड महिना. 'इन्शुरन्स चालू आहे' यावर विसंबू नका. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही आपल्या नावावर करून घ्यायला लागते, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबरच जातो, आपल्याला मिळत नाही. मी पुढं फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरती पॉलिसी घेतली. इंजिन ९९८ सीसीचं, म्हणजे हजाराच्या आत, म्हणून हप्ता २,०९४ रुपये अधिक जीएसटी. बाराशे सीसीची गाडी घेतली असती तर हाच आकडा ३,४१६. या दोन सीसींनी मला दरवर्षी तेराशे रुपये वाचवले. नवी नंबरप्लेट ७४५ अधिक जीएसटी, ८७९ रुपये १० पैसे. ते दहा पैसे मी अजून विसरलेलो नाही.

चालवायला कशी? गावात सोळा, हायवेला एकोणीसचं अॅव्हरेज पडतं. तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत थोडं थरथरतं, चालायला लागली की विसरायला होतं. आंबा घाटात पाच माणसं आणि एसी एकाच वेळी चालत नाही. एसी बंद केला की गाडी मुकाट्यानं चढते. मागचं सीट पाडलं की द्राक्षाचे क्रेट आरामात बसतात. हॉर्नचा आवाज सायकलच्या घंटीपेक्षा थोडा बरा. फेब्रुवारीत बॅटरी बदलली, ४,२००. एप्रिलमध्ये क्लच घसरायला लागला. प्लेट, प्रेशर प्लेट आणि मजुरी मिळून ७,८००. मेस्त्री तेव्हा म्हणाला होता, "५८ हजारांची गाडी म्हणताय, पण प्लेट तशी दिसत नाही." मी म्हटलं, मास्तर हाफ क्लचवर चालवत असतील. मास्तरांवर उगाच आळ घेतला.

आता चावी. ऑक्टोबर ते जुलै मी त्या विकणाऱ्याला किती फोन केले त्याची नोंद वहीत आहे: एकतीस. दिवाळीनंतर, संक्रांतीनंतर, 'पोरगा गेला की आणतो', 'मालक पुण्याला मुलाकडं गेलेत', 'कुरिअरनं मागवलीय'. बाजारात चावीवाल्याला विचारलं तर साधी चावी दोनशे रुपयांत घासून देतो म्हणाला. तिनं दार उघडतं, पण चिप नसल्यामुळं इंजिन धरत नाही. चिपची करायची तर साडेतीन हजार. बायको म्हणाली, "देऊन टाका आणि मोकळे व्हा, रोज तोच विषय." पण प्रश्न साडेतीन हजारांचा नव्हता. (होता. पण तेवढाच नव्हता.) जी वस्तू गाडीबरोबर विकत घेतली, तिचे पैसे मी दोनदा का द्यायचे? शिवाय बाहेर फिरणारी दुसरी चावी म्हणजे आपली गाडी कुणीतरी कधीही घेऊन जाऊ शकतो, या विचारानं मला झोप लागायची नाही. शेततळ्याच्या प्रसंगानंतर तर मी गाडी उभी केली की खिसा चाचपायचो, दहा पावलांवर परत चाचपायचो.

इथवरचं जुलैमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी 'चावी सोडली तर सौदा उत्तम, दहापैकी नऊ' असं वाक्यही होतं. ते आता खोडलंय.

श्रावणात अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेलो. डॅशबोर्डच्या कप्प्यात मास्तरांच्या जुन्या पॉलिसीची प्रत होती, तिच्यावर पत्ता. म्हटलं, एवढं आलोय तर विचारून जाऊ. मास्तरांनी दार उघडलं, रस्त्यावर गाडी बघितली आणि मला 'या' म्हणायच्या आधी बॉनेटवर हात फिरवून आले. चावी दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकवलेली होती. "मी त्यांना दोनदा फोन करून सांगितलं, चावी राहिलीय, घेऊन जा. ते म्हणाले, बघू." पुण्याला मुलगा वगैरे काही नाही, त्यांना एकच मुलगी, शेजारच्याच गल्लीत दिलेली.

चहा झाला. निघताना मास्तर म्हणाले, "थांबा, गाडीची फाईलही तुमचीच." दहा वर्षांची सगळी बिलं, तारखेप्रमाणं, पंच करून लावलेली. काकूंनी पोहे खायला बसवलं म्हणून मी ती चाळत बसलो, नाहीतर तशीच घरी नेऊन कपाटात टाकली असती. २०१७ चं बिल: ४१ हजार किलोमीटर. २०२०: ७८ हजार. जून २०२४, म्हणजे मी गाडी घ्यायच्या चार महिने आधी: १,११,३००.

मास्तर रोज कोल्हापूर ते कागल शाळेत गाडीनं जात. भाजी आणायला त्यांची सायकल होती.

घशात पोहे अडकले. मास्तरांना सांगितलं तर ते माझ्यापेक्षा जास्त ओशाळले; आपल्या नावानं कुणीतरी खोटं बोललं याचं त्यांना लागलं. परत येताना मी गाडीत सगळं नव्यानं बघितलं. स्टिअरिंगची वरची बाजू गुळगुळीत. ड्रायव्हर सीटचा फोम दाराच्या बाजूला दबलेला. आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर नवं कोरं! ५८ हजारांच्या गाडीचं रबर कशाला बदलावं लागतं? ते मी घेतानाही बघितलं होतं आणि 'किती जपलंय' असं म्हणालो होतो. पूर शोधण्याच्या नादात मीटर बघायचा राहिला. बरं, ते शोधणं अवघडही नव्हतं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी नंबर सांगून सर्व्हिसची हिस्ट्री विचारली असती, तर पाच मिनिटांत कळलं असतं. अकरा गाड्यांचे बेल्ट ओढणाऱ्या माणसाला एक फोन करायचं सुचलं नाही.

फाईल घेऊन विकणाऱ्याकडं गेलो. आधी "मीटर आमच्याकडं असाच आला". मग "जुन्या गाडीत एवढं चालायचंच". मग मी त्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज काढला, '५८ हजार, गॅरंटी', आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर त्याच्यासमोर फिरवायला घेतला. चार खेपा झाल्यावर बारा हजार सुटले. माझ्या हिशोबानं एक लाख बारा हजार चाललेली ही गाडी एक नव्वदची होती, म्हणजे अडतीस हजारांना अजून मी खालीच आहे. ग्राहक आयोगात जावं की नाही यावर घरात दोन मतं आहेत. फाईलच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात.

गाडी विकली का? नाही. मेस्त्रीला खरा आकडा सांगितला तर तो हसला. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसून चेन असते, त्यामुळं लाखाला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही; आणि मास्तरांनी ऑइल कधी चुकवलेलं नाही, हे बिलांवरनंच दिसतं. फक्त पुढचे लोअर आर्मचे बुश त्यानं बदलून दिले. खोट्या ५८ हजारांच्या बेवारस गाडीपेक्षा फाईलवाली लाखाची गाडी त्याला जास्त आवडली. मलाही, पण एक नव्वदला.

सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून ऑफिसात 'थांबला असतास तर' सुरू आहे. थांबलो असतो तर आई वर्षभर वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपनं मिरजेला गेली असती. नव्यासाठी वरचे लाख-दीड लाख सल्ला देणाऱ्यांपैकी कुणी देणार होतं का, तेही विचारलं. कुणी बोललं नाही.

मीटर आज ६९,२०० दाखवतो. सर्व्हिसच्या वहीत पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलंय: 'दाखवतो त्यात ५४ हजार मिळवणे.' दहापैकी सात. दुसरी चावी बायकोच्या पर्समध्ये असते. परवा बागेतून फोन करून तिला ती घेऊन यायला सांगितलं, तर पहिली कुठं आहे हे तिनं विचारलंसुद्धा नाही.