पीटीकॅसचा रिव्ह्यू: डीपीटीला लवकर अप्लाय करायचंय तर सबमिटची नाही, व्हेरिफाइडची तारीख बघा

अमेरिकेत शिकून फिजिकल थेरपिस्ट (आपल्याकडचे फिजिओथेरपिस्ट) व्हायचं असेल तर आता डीपीटीच, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपीच, करावं लागतं. २०१६ पासून इथल्या सगळ्या मान्यताप्राप्त प्रोग्रॅम्सना डॉक्टरेटच द्यावी लागते, मास्टर्सचा रस्ता बंद झालाय, आणि बहुतेक प्रोग्रॅम्सना अर्ज जातो तो एकाच ठिकाणाहून, पीटीकॅसमधून. ही अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनची सेंट्रल अ‍ॅप्लिकेशन सर्व्हिस. मी ह्यातूनच अप्लाय केलं, अ‍ॅडमिशन मिळाली, आता पहिलं वर्ष चालू आहे, आणि माझा मावसभाऊ पुढच्या सायकलला, म्हणजे प्रवेशाच्या पुढच्या फेरीला, भरणारे म्हणून त्याच्यासाठी सगळं लिहून काढत होते तर म्हटलं इथेच टाकावं, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

त्याचा पहिलाच प्रश्न असा की, "ताई, बऱ्याच ठिकाणी डेडलाइन ऑक्टोबर-नोव्हेंबरची दिसतेय, मग जूनपासून धावपळ कशाला?" प्रश्न बरोबरच आहे, कारण पोर्टल उघडल्यावर डेडलाइन सगळ्यात ठळक दिसते आणि बाकीचं आतमध्ये शोधावं लागतं.

तर मुद्दा असा की पुष्कळ प्रोग्रॅम्स रोलिंग अ‍ॅडमिशन करतात. म्हणजे डेडलाइन उलटल्यावर सगळे अर्ज एकत्र काढून वाचायचे असं नाही, जसजसे पूर्ण झालेले अर्ज येतात तसतसे वाचतात, इंटरव्ह्यूला बोलावतात आणि जागा द्यायला सुरुवात करतात. डेडलाइनच्या दिवशी आलेला अर्ज नियमाने वेळेवरच असतो पण तोपर्यंत इंटरव्ह्यूच्या बऱ्याचशा तारखा आणि बऱ्याचशा जागा गेलेल्या असू शकतात. उलट जे प्रोग्रॅम्स रोलिंग करत नाहीत त्यांच्याकडे जूनचा अर्ज आणि सप्टेंबरचा अर्ज सारखाच, तिथे लवकर भरून काही पदरात पडत नाही. त्यामुळे यादी करताना प्रत्येक प्रोग्रॅमसमोर रोलिंग की नॉन-रोलिंग हे आधी लिहा, आणि साइटवर स्पष्ट नसेल तर अ‍ॅडमिशन ऑफिसला सरळ ईमेल करा, ते सांगतात.

आता पोर्टलबद्दल. सायकल साधारण जूनच्या मध्यात उघडते. अकाउंट केलं की चार भाग दिसतात, वैयक्तिक माहिती, शिक्षण, सपोर्टिंग माहिती आणि चौथा प्रत्येक प्रोग्रॅमचा स्वतःचा. दिसायला सुटसुटीत आहे, कुठे काय राहिलंय ते कळतं, थोडं थोडं भरून सेव्ह करता येतं. प्रोग्रॅम्सची डिरेक्टरी तर मला फारच आवडली, कोणाला किती ऑब्झर्वेशन अवर्स (थेरपिस्टजवळ राहून काम बघण्याचे तास) लागतात, जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते की नाही, कोणते प्रीरिक्विझिट (प्रवेशासाठी आधी केलेले लागणारे) कोर्स किती जुने चालतात, सगळं तुलना करता येतं आणि तेही पैसे न भरता, अकाउंट न काढता. नुसत्या ह्या डिरेक्टरीवर एक वीकेंड घालवला तरी यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात. जीआरई पुष्कळ ठिकाणी काढून टाकलीये, तेव्हा ज्यांच्या यादीत एखादाच जीआरईवाला प्रोग्रॅम असेल त्यांनी त्या एकासाठी अख्खा उन्हाळा घालवायचा का हे आधीच ठरवा.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ह्याच्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितेय, ती म्हणजे सबमिट केलं म्हणजे अर्ज पोचला असं नाही. सबमिट बटण दाबल्यावर पीटीकॅस तुमच्या सगळ्या कॉलेजांच्या ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट्सची (कोर्स आणि ग्रेड्सच्या अधिकृत नोंदींची) वाट बघतं. त्या सगळ्या आल्या आणि फी जमा झाली की मग तुमचा अर्ज व्हेरिफिकेशनच्या रांगेत लागतो, मग तिथे तुम्ही टाईप केलेला एकेक कोर्स, त्याचे क्रेडिट आणि ग्रेड ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघतात, मग जीपीए (ग्रेड्सची सरासरी) काढतात, आणि त्यानंतर कुठे स्टेटस व्हेरिफाइड होतं. बऱ्याच शाळा व्हेरिफाइड झाल्यावरच अर्ज हातात घेतात. म्हणजे एखाद्याने जूनच्या शेवटी सबमिट केलं पण एका कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट ऑगस्टमध्ये पोचली तर त्याचा अर्ज ऑगस्टचाच झाला, जुलैच्या मध्यात सबमिट करून सगळ्या ट्रान्सक्रिप्ट्स तयार असलेला त्याच्या पुढे निघून जातो. डेडलाइनचंही तसंच, काही प्रोग्रॅम्सना त्या तारखेपर्यंत नुसता सबमिट चालतो, काहींना सगळे कागद पोचलेले लागतात, काहींना व्हेरिफाइडच लागतो, आणि वेळ ईस्टर्न टाईमप्रमाणे मोजतात. हे प्रत्येक प्रोग्रॅमच्या पानावर असतं, वाचा म्हणजे वाचाच.

आणि "सगळी कॉलेजं" म्हणजे खरंच सगळी हं. हायस्कूलमध्ये असताना ड्युअल एन्रोलमेंटमध्ये एखादा कॉलेजचा कोर्स केला, समरमध्ये कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्री उरकली, तिथलं क्रेडिट नंतर मुख्य कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसत असलं तरी मूळ कॉलेजकडून वेगळी ट्रान्सक्रिप्ट यावी लागते. माझं असंच एक कॉलेज होतं जिथे एकच कोर्स केला होता, त्यांच्या रजिस्ट्रारकडे जुनी काहीतरी बाकी निघाली आणि ती मिटेपर्यंत त्यांनी ट्रान्सक्रिप्ट सोडली नाही. बाकी सगळं तयार, ह्या एका कोर्सवर सगळं अडलेलं. म्हणून मेमध्येच प्रत्येक कॉलेजच्या साइटवर लॉगिन करून होल्ड (अशी काही अडवणूक) आहे का ते बघून घ्या आणि अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट्स डाउनलोड करून ठेवा, कोर्स टाईप करताना त्या समोर लागतातच. ऑफिशियल मात्र स्प्रिंगचे ग्रेड्स लागल्यावरच मागवा, आधी मागवली तर त्यावर ते कोर्सेस अपूर्णच दिसतात आणि पुन्हा मागवावी लागते. शक्य असेल तिथे इलेक्ट्रॉनिकच पाठवा, आणि पोस्टाने जाणार असेल तर पीटीकॅसमधून निघणारा ट्रान्सक्रिप्ट रिक्वेस्ट फॉर्म सोबत जोडायला सांगा म्हणजे ती तुमच्या अर्जाला लागते.

कोर्स टाईप करणं हे काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू. चार वर्षांचा प्रत्येक कोर्स, लॅब वेगळी असेल तर लॅबही वेगळी, जसं ट्रान्सक्रिप्टवर आहे अगदी तसं, नाव कोड क्रेडिट ग्रेड. जास्तीचे पैसे भरले तर ते लोक तुमच्यासाठी टाईप करून देतात पण त्यात वेळ जातो आणि शेवटी तपासायचं आपल्यालाच असतं, त्यामुळे लवकर अप्लाय करणाऱ्याने स्वतःच करावं असं माझं मत. शांतपणे बसून केलं तर एका दिवसात होतं. त्यानंतर कोणता कोर्स कोणत्या प्रोग्रॅमच्या कोणत्या प्रीरिक्विझिटसाठी ते जुळवायचं असतं, इथे घाई करू नका, कारण एका शाळेला अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी एकत्र दोन सेमिस्टर चालतं तर दुसरीला वेगळं लागतं.

जीपीएबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. कोर्स रिपीट केला असेल तर कॉलेज कदाचित फक्त नवा ग्रेड धरतं, पीटीकॅस मात्र दोन्ही धरतं. त्यामुळे इथे दिसणारा जीपीए कॉलेजच्या आकड्यापेक्षा कमी निघू शकतो आणि बघून छातीत धस्स होतं. नियम सगळ्यांना सारखाच आहे आणि काही प्रोग्रॅम्स स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मोजतात, तरी यादी करताना हा कमी आकडा धरूनच करा.

रेकमेंडेशन लेटर्सची गंमत अशी की ती यायच्या आधीही अर्ज सबमिट करता येतो. बरेच जण पत्रं येईपर्यंत थांबून राहतात आणि तोवर व्हेरिफिकेशनची रांग वाढत जाते, तसं करू नका, तुमचं झालं की पाठवा, पत्रं मागून येत राहतील. अर्थात शाळा पत्रांशिवाय निर्णय घेत नाहीत म्हणून प्रोफेसरांना आणि ज्या थेरपिस्टबरोबर तास भरले त्यांना मार्च-एप्रिलमध्येच विचारून ठेवा. जूनमध्ये प्रोफेसर सुट्टीवर असतात, क्लिनिकमधले लोक पेशंट्समध्ये बुडालेले असतात. पोर्टलमध्ये त्यांचं नाव टाकलं की त्यांना ऑटोमॅटिक ईमेल जातो आणि तो फार सहज स्पॅममध्ये पडतो, तेव्हा त्याच दिवशी स्वतः वेगळा ईमेल करून सांगा की असा असा मेल आलाय बघा. आणि नुसतं "पत्र द्या" म्हणू नका, तुम्ही त्यांच्याकडे काय केलं, कोणत्या पेशंटबद्दल त्यांच्याशी बोलला होतात, त्याची चार ओळींची आठवण करून द्या, पत्रात फरक पडतो.

ऑब्झर्वेशन अवर्स हा भाग पोर्टलने चांगला केलाय असं मला वाटतं. तास इनपेशंट (दाखल असलेले पेशंट), आउटपेशंट (येऊन-जाऊन उपचार घेणारे) अशा सेटिंगप्रमाणे टाकता येतात आणि ज्या शाळांना थेरपिस्टच्या सहीने खात्री केलेले तास लागतात त्यांच्यासाठी थेरपिस्टला ऑनलाइन व्हेरिफाय करता येतं. फक्त हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकण्यासारखं नाही, हॉस्पिटलच्या इनपेशंट विभागात तास मिळायलाच ओरिएंटेशन, लसीची कागदपत्रं, बॅकग्राउंड चेक असं सगळं करता करता महिने जातात. ज्यांना जूनमध्ये भरायचंय त्यांनी हे आदल्या फॉलमध्ये हलवायला हवं. खरं तर आउटपेशंट क्लिनिकमध्ये गुडघे-खांदे बघून जे कळतं त्याहून फार वेगळं स्ट्रोकनंतर पहिल्यांदा पलंगाच्या कडेला बसणाऱ्या माणसाजवळ उभं राहून कळतं, आणि हेच काम आपल्याला करायचंय का ते ठरवायलाही ते तास हवेत. माझा निबंध त्यातूनच निघाला. निबंधाला स्पेस धरून ४५०० कॅरेक्टर्स मिळतात, कमी वाटतात पण पुरतात.

इथेच लवकर अप्लाय करण्याची दुसरी बाजू सांगते. सबमिट केल्यावर निबंध बदलता येत नाही, तो सगळ्या प्रोग्रॅम्सना तसाच जातो. नवीन प्रोग्रॅम, नवीन अनुभव, राहिलेली पत्रं नंतर जोडता येतात पण जे गेलं ते गेलं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात भरायचं म्हणून अर्धा कच्चा निबंध पाठवणं किंवा फिजिक्सचा ग्रेड पडलेला असताना समरमध्ये तो सुधारायची संधी असूनही न थांबणं, ह्याला माझ्या मते काही अर्थ नाही. जुलैच्या शेवटी गेलेला पक्का अर्ज हा जूनमधल्या घाईच्या अर्जापेक्षा कधीही चांगला, तोही रोलिंगमध्ये लवकरच धरला जातो. माझी एक मैत्रीण समर कोर्ससाठी थांबली, ग्रेड आल्यावर भरलं, तिलाही इंटरव्ह्यूज आलेच. फॉलमध्ये चालू असलेल्या कोर्ससाठी मात्र थांबायचं कारण नाही, ते इन प्रोग्रेस म्हणून टाका, सेमिस्टर संपल्यावर ग्रेड्स अपडेट करायची सोय आहे.

फी हा नाजूक भाग. पहिल्या प्रोग्रॅमला दीडशे डॉलरच्या वर जाते, पुढच्या प्रत्येकाला कमी, पण काही शाळा त्यावर स्वतःची सप्लिमेंटल फी लावतात, शिवाय प्रत्येक ट्रान्सक्रिप्टचे वेगळे. आठ-दहा ठिकाणी भरलं तर चांगलाच आकडा होतो आणि तो विद्यार्थ्यांनी कुठून आणायचा हा विचार ह्या सगळ्या व्यवस्थेत कमी झालाय असं मला मनापासून वाटतं. कमी उत्पन्न असलेल्यांसाठी फी माफीची योजना आहे, पण ती मर्यादित आहे आणि सबमिट करण्याआधीच मागावी लागते, तेव्हा ज्यांना लागू होते त्यांनी सायकल उघडताच अर्ज करा, लाजू नका.

ज्यांचं काही शिक्षण भारतात झालंय त्यांना अजून एक टप्पा लागतो, तिथल्या मार्कशीट्सचं कोर्सनिहाय इव्हॅल्युएशन. भारतातल्या विद्यापीठाकडून कागद निघून इव्हॅल्युएशन एजन्सीकडे पोचेपर्यंत काय काय होतं ते आपल्याला माहितीये, त्यामुळे हे हिवाळ्यातच सुरू करा. एफ-१ ह्या स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांनी आधी प्रोग्रॅम इंटरनॅशनल विद्यार्थी घेतो का ते बघावं, सगळे घेत नाहीत. आणि जे आधीच बीपीटीएच (भारतातली फिजिओथेरपीची पदवी) करून आलेत त्यांनी पीटीकॅसमध्ये पैसे घालण्याआधी लायसन्सचा रस्ता बघा, क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन (पदवीची तपासणी) आणि मग एनपीटीई ही लायसन्सची परीक्षा, तीन वर्षांची डीपीटी पुन्हा करायची गरज असेलच असं नाही. प्रत्येक राज्याच्या बोर्डाचे नियम वेगळे आहेत.

अर्ली डिसिजन ही वेगळीच गोष्ट आहे, लवकर अप्लाय करणं आणि अर्ली डिसिजन ह्यात गल्लत करू नका. अर्ली डिसिजनमध्ये एकाच प्रोग्रॅमला अर्ज करायचा, त्यांनी घेतलं तर जायचंच असं बंधन, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत पीटीकॅसमधून दुसरीकडे अर्ज करता येत नाही. नाही म्हणाले तर मग बाकीच्यांना भरायचं, म्हणजे रोलिंगच्या रांगेत तुम्ही उशिरा. एखादी शाळा मनात पक्की असेल, तिथले सगळे निकष तुम्ही आरामात पार करत असाल आणि तिथली फी घरच्यांशी बोलून झाली असेल तरच करा. सरकारी विद्यापीठातलं इन-स्टेट आणि प्रायव्हेट ह्यांच्या फीमध्ये प्रचंड फरक असतो आणि तो फरक पुढे कित्येक वर्षं कर्जाच्या हप्त्यात दिसतो, ऑफर्स शेजारी शेजारी ठेवून बघायची संधी सोडायला मी तरी तयार नव्हते.

साध्या रोलिंगमध्येही लवकर ऑफर आली की एक पेच येतो. सीट डिपॉझिट (जागा धरून ठेवायचे पैसे) भरायला मुदत देतात, ते बहुतेक वेळा परत मिळत नाही, आणि तुमच्या आवडत्या शाळेचा इंटरव्ह्यू अजून व्हायचा असतो. अशा वेळी आवडत्या शाळेला नम्रपणे लिहून विचारता येतं की माझ्या हातात एक ऑफर आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, माझा अर्ज कुठवर आलाय. मी विचारलं आणि त्यांनी इंटरव्ह्यूची तारीख अलीकडे घेतली. प्रत्येक वेळी होईलच असं नाही, पण अर्ज तोवर व्हेरिफाइड नसता तर विचारायलाही काही नव्हतं. मावसभावाला मी सांगितलंय की डिपॉझिटसाठी थोडे पैसे आत्तापासून बाजूला ठेव आणि ज्या दोन शाळा खरंच हव्या आहेत त्यांचं प्रोग्रॅमवालं पान सगळ्यात आधी भर, प्रश्नांची उत्तरं तिथेच जास्त वेळ खातात.